परातीपासून मोरीपर्यंत उपकारस्तुती

माझी कृतज्ञतेची वही बरोबर सात दिवस टिकली. पहिल्या दिवशी लिहिलं: आरोग्य, कुटुंब, अन्न. दुसऱ्या दिवशी: कुटुंब, अन्न, चर्च. तिसऱ्या दिवशी काही सुचेना म्हणून परत आरोग्य. सातव्या दिवशी वही ओट्यावर उघडी राहिली आणि घाईत तिच्यावरच आमटीचं पातेलं ठेवलं गेलं. तो पिवळा गोल डाग बघून राग यायला हवा होता. मला चक्क सुटल्यासारखं वाटलं.

दोष वहीचा नव्हता. उपकारस्तुती, म्हणजे देवाचे आभार मानणं, ही सगळी कामं आटोपल्यावर, हातपाय धुऊन, शांत बसून करायची गोष्ट आहे असं मी धरून चालले होते. पण आमच्या बेळगावातल्या घरात कामं आटोपतात कधी? भांडी होतात तोवर धुणं, धुणं होतंय तोवर पाणी सुटलं म्हणून हाक. तेव्हा ठरवलं की जे काय करायचं ते काम करता करता. पुढे लिहिलंय ते सगळं असं ओट्यापाशी आणि दांडीखाली करून पाहिलेलं आहे. काही जमलं, काही फसलं, दोन्ही सांगते.

आधी एक अक्षर नीट वाचा

'सर्व स्थितीत उपकारस्तुती करा.' बायबलातलं पौलाचं पत्र, पहिले थेस्सलनीकाकरांस ५:१८. संडेस्कूलपासून पाठ असलेलं वचन. पाठ असल्यामुळेच त्यातलं एक अक्षर आपल्या कानावरून निसटतं. 'स्थितीत' मधला 'त'. पौल 'सर्व स्थितीबद्दल' म्हणत नाही. मूळ ग्रीकमध्येही तिथे 'मध्ये' या अर्थाचाच शब्द आहे. आमच्या शेजारच्या अक्का कन्नड उपासनेला जातात. त्यांच्या बायबलात याच ठिकाणी 'एल्लादरल्लियू' आहे. त्यातला 'अल्लि' म्हणजे आपला 'त'. सीमेवर राहण्याचा एक फायदा असा की एकाच वचनाला दोन बाजूंनी हात लावून बघता येतो.

रोजच्या कामात या एका अक्षराने फार फरक पडतो. मोरी तुंबली, तर तुंबल्याबद्दल देवाचे आभार मानायची गरज नाही. तसं करायला गेलात तर तोंडातून शब्द येतील आणि मन मोरीतल्या घाण पाण्यासारखं तिथंच अडून राहील. तुंबलेल्या मोरीपुढे काठी घेऊन वाकलेलं असताना, त्या स्थिती'त', आभार मानण्याजोगं काय हाताशी आहे, एवढंच बघायचं. कधी काहीच नसतं. त्याचंही पुढे बोलू.

एकच काम निवडा

सुरुवातीला सगळं घर पवित्र करायला निघू नका. एक काम निवडा आणि तीन आठवडे तेवढंच धरा. काम रोजचं हवं. आठवड्यातून एकदा करायच्या इस्त्रीला सवय चिकटत नाही. हात गुंतलेले आणि डोकं मोकळं असं हवं, आणि निदान दहा मिनिटं चालणारं. भाजी चिरणं मी पहिल्यांदा निवडलं होतं. बोट कापून घेतलं आणि सोडून दिलं.

ज्या कामाची मनापासून चीड आहे ते मात्र पहिलं नको. पॅरिसच्या कार्मेलाइट मठात ब्रदर लॉरेन्स नावाचे एक बंधू होऊन गेले, १६९१ साली वारले. मठाच्या स्वयंपाकघरात राबता राबता देवाच्या सान्निध्यात राहायचं, ही त्यांची ओळख. पण त्यांना मुळात स्वयंपाकघरातल्या कामाची नावड होती, हे आपल्याकडे प्रवचनात सहसा कुणी सांगत नाही. त्यांना ती सवय मुरवायला वर्षं लागली. आपण भांड्यांपासून सुरुवात केलेली बरी.

वाक्य लहान, वस्तू हातातली

माझ्या वहीत 'अन्न' असं लिहिलेलं होतं. अन्न कुणी पाहिलंय? पाहिलेला असतो तो तळाला लागलेला भात. तेव्हा वाक्य करताना हातात जी वस्तू आहे तिचंच नाव घ्या. मग ती कुणाच्या हातून आपल्यापर्यंत आली ते आठवा. मग 'प्रभू, तुझे उपकार' म्हणा आणि पुढच्या वस्तूला हात घाला. एवढंच.

'हे पितळेचं पातेलं. आईनं खानापूरहून डोक्यावर आणलेलं. प्रभू, तुझे उपकार.' मोजून दहा सेकंद लागतात. लांबण लावली की आपण देवाशी बोलायचं सोडून स्वतःचंच बोलणं ऐकायला लागतो, हा माझा अनुभव. मोठ्याने म्हणायचं की मनात, हे घरावर अवलंबून आहे. मी पुटपुटते. सुरुवातीला नातवाला वाटलं आजी फोनवर बोलत्येय.

प्रत्येक वस्तूमागे माणूस सापडतोच असं नाही. प्लॅस्टिकच्या डब्यामागे कुणी सापडत नाही. तो नुसता धुवा.

भाकरी

आता ज्या कामात मला सगळ्यात जास्त मिळालं ते. प्रभूच्या प्रार्थनेत आपण मराठीत 'आमची रोजची भाकर आज आम्हांला दे' म्हणतो. कन्नडात 'आहार' शब्द आहे, तो बरोबरच आहे, पण आहाराला परात लागत नाही. भाकर म्हटली की ती कुणीतरी थापावी लागते. म्हणजे ती ओळ म्हणतानाच आपण पहाटेचं एक काम अंगावर घेतलेलं असतं.

पायऱ्या अशा. पीठ परातीत घेताना ते चिमटीत धरून बघा. दळून फार दिवस झाले असतील तर विरी गेलेली असते आणि भाकरीच्या कडा फाटतात. मग उकळतं पाणी घालून मळावं लागतं. या चिमटीपाशी पहिलं वाक्य. आमच्या घरी शाळू येतो तो विजापूरकडचा. तिकडे डोणी नदीच्या खोऱ्यात काळी माती आहे, आणि कन्नडात म्हण आहे: 'डोणी बेळेदरे ओणियेल्ला जोळ.' डोणी पिकली तर बोळाबोळात जोंधळा. पाऊस सरता सरता पेरायचा आणि मातीत धरलेल्या ओलीवर थंडीत वाढवायचा, असं ते पीक. ज्यानं तो पेरला त्याचं नाव मला ठाऊक नाही. 'डोणीकाठच्या त्या माणसाबद्दल' एवढंच म्हणते.

गोळा मळताना गप्प राहा. ते जोराचं काम आहे, त्यात बोलणं येत नाही.

थापताना मात्र माणसं येतात. भाकऱ्या आपण मोजून थापतो, त्यामुळे नावं आधीच ठरलेली असतात. पहिली माझ्या ह्यांची, मऊ लागते. दुसरी मुलाच्या डब्याची. तिसरी सुनेची, पातळ आणि कडक. खाली पीठ भुरभुरवून तळव्यानं थापत भाकरी परातीत गोल फिरत असते, तेवढ्या वेळात त्या एका माणसाबद्दल एक गोष्ट शोधायची, कालची. 'काल रात्री गाडी लावताना गेट हळू बंद केलं त्याने, माझी झोप मोडू नये म्हणून.' अशी बारकी. 'चांगला मुलगा आहे' याला वजन नाही. ज्याच्याशी काल भांडण झालं, त्याच्या भाकरीच्या वेळी हात आपोआप जोरात पडतो. पडू दे. पण भाकरी त्याच्या नावाची थापायची, आणि तव्यावर टाकायच्या आत एक तरी गोष्ट सापडते का बघायची. मला एकदा चार दिवस सापडली नव्हती. पाचव्या दिवशी सापडली ती अगदी क्षुल्लक होती, इथे सांगण्यासारखी नाही.

तव्यावर टाकली की पिठाची बाजू वर. तिच्यावर पाण्याचा हात फिरवायचा आणि पाणी पुरतं सुकायच्या आत उलटायची. इथे लक्ष पूर्ण तव्यावर हवं. प्रार्थनेत गुंगून करपलेल्या भाकरीला घरात कुणी भक्ती म्हणत नाही. शेवटी आरावर धरली की टम्म फुगते आणि पापुद्रा सुटतो, त्याला मी 'आमेन' म्हणते. न फुगलेलीलाही म्हणते. बुट्टीत दोघी शेजारी शेजारीच पडतात.

आणि एक थापायची जास्तीची, कुणाच्याच नावाची नाही. दारात कोण येईल सांगता येत नाही. कुणी नाही आलं तर रात्री कुस्करून फोडणीला घालते. पाच हजारांना जेवू घातल्यावरही प्रभूने उरलेले तुकडे गोळा करायला लावले होते, काही फुकट जाऊ नये म्हणून. बारा टोपल्या भरल्या. चमत्कार करणाऱ्यालाही शिळ्याची काळजी होती, हे वाचून माझ्यासारखीला फार धीर येतो.

भांड्यांसाठी एक स्तोत्र

रात्रीच्या खरकट्या भांड्यांपुढे स्वतःची वाक्यं सुचत नाहीत. डोकं दमलेलं असतं. तिथे उसनं घ्या. स्तोत्र १३६ यासाठीच लिहिल्यासारखं आहे. २६ वचनं, आणि प्रत्येकाच्या शेवटी तेच पालुपद: 'कारण त्याची दया सनातन आहे.' पहिला अर्धा भाग एकजण म्हणणार, पालुपद सगळे, अशी त्याची घडण आहे.

करायचं असं. ताट घासायला घेतलं की दिवसातली एक गोष्ट. विसळून पालथं घातलं की पालुपद. 'आज बस वेळेवर मिळाली' आणि ताट निथळायला: 'कारण त्याची दया सनातन आहे.' 'बाजारात मिरची स्वस्त होती', वाटी पालथी, पालुपद. ऐकायला खुळ्यासारखं वाटेल. पण ते स्तोत्र वाचून बघा. सूर्य, चंद्र, तांबडा समुद्र, मोठमोठे राजे असं सगळं सांगत सांगत २५ व्या वचनात ते येतं कुठे? प्राणिमात्राला अन्न देण्यापाशी. म्हणजे शेवट ताटवाटीतच आहे.

भांडी जास्त आणि गोष्टी कमी पडल्या तर उरलेली भांडी नुसत्या पालुपदावर काढा. मी बहुतेक रात्री तेच करते.

पाणी सुटतं त्या दिवशी

शहराला पाणी येतं ते राकसकोप आणि हिडकल या दोन धरणांतून. एक मार्कंडेयावर, दुसरं घटप्रभेवर. काही भागांत चोवीस तास नळ आहे. आमच्याकडे पाणी येतं तेव्हा येतं. त्यामुळे पाण्याचा दिवस हा सणासारखा आणि युद्धासारखा दोन्ही. पिंपं, घागरी, बादल्या, बंब, जे दिसेल ते भरायचं.

या दिवशी वाक्यं-बिक्यं काही करू नका. नळाखाली पहिली घागर लागली की पाण्याचा आवाज बदलत जातो, रिकाम्या तळाचा खणखणीत, मग भरत आलं की दबका. तो एक आवाज लक्ष देऊन ऐकायचा. एवढीच त्या दिवसाची उपकारस्तुती. बाकीची धावपळ आहे तशी होऊ द्या. आणि पाणी भरून झाल्यावर शेजारी कुणी म्हातारं माणूस एकटं असेल तर त्यांच्याकडे दोन घागरी पोचवा.

तक्रार आधी

जुलै महिना घ्या. खानापूरकडचा पाऊस ज्यांना ठाऊक आहे त्यांना जास्त सांगायला नको. आठ-आठ दिवस ऊन नाही, धुणं घरातच दोऱ्यांवर, चड्ड्या-बनियन बंबावर धरून वाळवायचे, आणि तरी कपड्यांना तो कुबट वास. एका जुलैत मी दांडीखाली उभी राहून ओल्या चादरीला दोन थपडा मारल्या होत्या, खरंच. तेव्हा 'प्रभू, या पावसाबद्दल तुझे उपकार' म्हणायला गेले आणि शब्द घशात अडकले.

अशा वेळी स्तोत्र १३ ची वाट धरा. सहाच वचनं आहेत. सुरुवातच 'कोठवर' अशी, आणि तो प्रश्न पुन्हा पुन्हा. गाणं येतं ते अगदी शेवटी. तेव्हा आधी तक्रार करा, नीट, नाव घेऊन: 'प्रभू, पाठ दुखत्येय, चादर तिसऱ्या दिवशीही ओली आहे आणि या घरात हे कुणाच्या लक्षातसुद्धा येत नाही.' पूर्ण म्हणा. मग वाटलं तर एक आभार. नाही वाटलं तर तिथेच थांबा. स्तोत्र ८८ अंधारातच संपतं, शेवटी एकही आभाराचा शब्द नाही, आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे.

मी त्या दिवशी तक्रारीवरच थांबले होते. पंधरा-वीस दिवसांनी ऊन पडलं. त्याच चादरीची घडी घालताना तिला उन्हाचा वास आला, आणि मागचा अर्धवट राहिलेला भाग मी तिथे पुरा केला.

हे काम कुणाचं?

हा भाग लिहिताना जरा जपून लिहावंसं वाटतं, पण वगळता येत नाही. आमच्या प्रार्थनासभेत एकदा 'घरकाम हीच सेवा' यावर बोलणं झालं. बोलणारे गृहस्थ छान बोलले. संपल्यावर मागे बसलेली एक नवी सून उभी राहिली, म्हणाली, 'मग ही सेवा आमच्या ह्यांना का मिळत नाही?' क्षणभर कुणी काही बोललं नाही. मग बायका हसल्या, आणि हसणं थांबेना.

तिचा प्रश्न बरोबर होता. कृतज्ञतेची वचनं दुसऱ्याच्या तोंडावर मारायला वापरू नयेत. 'देवाला उपकार म्हण आणि घास भांडी' असं सासू सुनेला म्हणते, तेव्हा त्यात देवही उरत नाही आणि उपकारही. ही सवय स्वतःपुरती लावायची असते. आणि पुरुषांसाठी माझ्याकडे वेगळी पायरी नाही, हीच आहे, भाकरीपासून. पुनरुत्थित झालेल्या प्रभूने तळ्याकाठी कोळशाच्या विस्तवावर मासे भाजले आणि रात्रभर राबलेल्या शिष्यांना 'या, न्याहारी करा' म्हटलं. योहान २१. आमच्या घरी हे वचन वाचल्यानंतर रविवारचा चहा ह्यांच्याकडे गेला. चहा जरा पांचट होतो. मी काही बोलत नाही.

प्रभू घरी आले तेव्हा पाहुणचारात गुंतलेल्या मार्थेचंही तेच. लूक १० मध्ये प्रभू तिला 'काळजी व दगदग' करतेस म्हणाले, त्यावरून काम करणाऱ्या बाईला कमी लेखायची आपल्याला सवय झाली आहे. पण योहान १२:२ काढून बघा. बेथानीत पुन्हा जेवण आहे, मार्था पुन्हा वाढत्येय, आणि या वेळी कुणी तिला काही म्हणत नाही. वाढणं तेच होतं. दगदग बहुधा गेली होती.

घरात कामाला मावशी येत असतील तर त्यांच्याबद्दल देवाचे आभार मानण्याआधी दोन गोष्टी तपासा: पगार तारखेला जातो का, आणि त्या आजारी पडल्या तर दिवस कापता का. कापत असाल तर ती प्रार्थना लांबणीवर टाका.

मुलं, रात्र आणि बाकीचं

मुलांना सक्ती नको. जेवताना प्रत्येकाने ताटातल्या एका पदार्थामागचं माणूस ओळखायचं, असा खेळ आम्ही खेळतो. नातू दर वेळी 'मिठाचा माणूस' म्हणतो, कारण मीठ कोण बनवतं हे त्याला सांगता येत नाही आणि मलाही नीट येत नाही.

कॅथलिक घरांत संत इग्नेशियसच्या पद्धतीने रात्री दिवसाची उजळणी करायची रीत आहे. ती आभारापासूनच सुरू होते, चुकांची पाळी नंतर. आम्ही मेथडिस्ट, पण मी ती उचलली आहे. अंथरुणावर पडल्यावर हातांकडे बघते, आज कशाकशाला लागले ते आठवते. बहुतेक वेळा तिसऱ्या-चौथ्या गोष्टीला झोप लागते.

खंड पडतो. पाहुणे आले, ताप आला, नुसताच कंटाळा आला. राहिलेले दिवस भरून काढत बसू नका. ज्या भांड्यावर आठवण होईल त्या भांड्यावर सुरू करा. तीन आठवड्यांनी पहिलं काम अंगवळणी पडलं तर दुसरं जोडा, नाहीतर तेच चालू ठेवा. मला दुसरं जोडायला दीड वर्ष लागलं.

चर्चमध्ये कापणीच्या सणाला जाताना एक सोपी गोष्ट करा. बाजारातून नारळ आणि भोपळा घेऊन वेदीपुढे ठेवण्याबरोबर, वर्षभर ज्या कामात तुम्ही हे केलंत त्यातलं काहीतरी न्या. गेल्या वर्षी मी फडक्यात गुंडाळून पाच भाकऱ्या नेल्या. उपासनेनंतर लिलावात त्यांना नारळापेक्षा जास्त बोली लागली, आणि घेणाऱ्या काकांनी तिथेच पायरीवर बसून कांद्याबरोबर एक खाल्ली. दुपारी अक्कांनी कुंपणावरून रोजच्यासारखं विचारलं, 'ऊट आयता?', जेवण झालं का? मी म्हटलं, 'आयतु', झालं. मग सगळी हकिकत सांगितली.

ती डागाची वही अजून आहे. पहिल्या सात पानांच्या मागे आता दुधाचा हिशेब लिहिते. आजच्या तारखेपुढे अर्धा लिटर जास्त आहे, सून माहेरून येत्येय, खीर करायची आहे.